कारणाचा रकाना

रजिस्टर जाड, लाल कापडी पाठीचं.
त्यातला शेवटचा रकाना दोन बोटं रुंद,
वर छापलंय : रद्द होण्याचे कारण.
अकरा वर्षं मी त्या दोन बोटांत
माणसं घडी घालून ठेवत आलेय.

रक्त उपलब्ध नाही. बीपी वाढलेलं. वेळ संपली.
'वेळ संपली' सगळ्यात जास्त वेळा लिहिलं असेल.
म्हणजे पहिली केस लांबली,
म्हणजे ती मुळात उशिरा घेतली,
म्हणजे चादरी धुलाईतून यायच्या होत्या,
म्हणजे धुलाईचा बॉयलर…
रकान्यात 'म्हणजे' मावत नाही.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
अजनीकडून येणारा वारासुद्धा भाजलेला,
वॉर्डातल्या कूलरचा वाळा सकाळी दहालाच कोरडा.
खाटेवर तानबा नैताम, एटापल्लीकडचा,
हर्नियाचा. वय त्यालाही ठाऊक नाही,
कागदावर बावन्न.

सोमवारी रात्री बारापासून उपाशी.
मंगळवारी दुपारी दीडला सांगितलं, आज नाही.
ऑटोक्लेव्ह बंद पडलं होतं.
मी लिहिलं : तांत्रिक.
गुरुवारी पुन्हा उपाशी. भूल देणाऱ्या मॅडम एकट्या
आणि सिझेरियनच्या तीन बायका दारात कण्हत.
कोण काय बोलणार?
मी लिहिलं : तातडीच्या केसेस.
शनिवारी सकाळी साडेसहाला
तानबा गेटबाहेरच्या ठेल्यावर सापडला,
हातात तर्री-पोह्याची प्लेट, मिशीला लाल तवंग.
पळालाही नाही. उरलेला घास खाल्ला, मग उठला.
मी लिहिलं : रुग्ण उपाशी नव्हता.

जूनमध्ये डॉक्टर ओवी पाचपोर
आमची सगळी रजिस्टरं उचलून घेऊन गेली.
तिचा प्रबंध होता.
एका रुग्णाचं एकच कारण, शेवटचं,
आणि त्याला आकडा, एक ते नऊ.
महिन्याभरानं लॅपटॉप उघडून दाखवलं :
गोल, त्याच्या रंगीत फोडी.
सगळ्यात मोठी फोड नारिंगी,
तिच्यावर लिहिलेलं, 'रुग्णामुळे'.
मी चष्मा पुसला.
त्या फोडीत कुठेतरी तानबा बसला होता
बियांसारखा.

तिला म्हटलं, ही फोड सोल जरा.
ती हसली, मग नाही हसली.
रात्रपाळीत दोघी बसलो, हिरव्या पेन्सिलीनं
एकेक नाव मागे मागे शोधत.
इश्तियाक, मोमीनपुरा : 'स्वतःहून निघून गेला'.
त्याआधी चार तारखा, चारही आमच्या.
रेवतीबाई उईके, सिवनीहून :
'नातेवाइकांची संमती नाही'.
नातेवाईक म्हणजे एक दीर,
तो रक्त आणायला गेला होता. आम्हीच धाडला होता.

पहाटे ओवीनं विचारलं,
मग खरं कारण काय लिहायचं, सिस्टर?
मला सांगता आलं नाही.
मी ऑपरेशनची हत्यारं मोजते रोज,
आत गेलेली आणि बाहेर आलेली.
कारणं तशी मोजता येत नाहीत,
एक पोटात राहूनच जातं.

ऑगस्टमध्ये तानबा परत आला. मी सहज म्हटलं,
बाबा, त्या दिवशी खाल्लं काऊन?
तो माझ्याकडे बघतच राहिला.
'दोनदा उपाशी रायलो ना बाई.
थे लिवलं का कोठी?'

नव्हतं लिहिलं.

त्या दुपारी स्केल घेऊन
कारणाच्या आधी एक रेघ मारली, जरा वाकडीच आली.
वर लिहिलं : आजवर किती वेळा उपाशी.
मेट्रन विचारतात, हे कुणी मंजूर केलं?
ओवी म्हणते, याला आकडा कुठला देऊ?

आज यादीत त्याचं नाव पहिलं.
आठ वीस. चादरी आल्या आहेत, मॅडम चहा पिताहेत.
माझ्या रेघेच्या अलीकडे लिहिलंय, तीन.
पलीकडे अजून काही नाही.
लिफ्ट वर येतेय की थांबलीय,
आवाजावरून कळत नाही.